तोफेची दूरबीण

"दिसून राहिला ना, मस्त दिसून राहिला." देवरावांनी कॉम्प्युटरला जोडलेल्या टीव्हीच्या काचेला नाक टेकवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

जयाने पडद्याकडे पाहिलं. शत्रूचा रणगाडा डाव्या कोपऱ्यात होता आणि बाबा उजव्या कोपऱ्याची तारीफ करत होते.

सदर भागातल्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये जया शिकवायला लागून वर्ष होत आलं होतं. पण पोरगी टीव्हीसमोर बसून टायपिंगच करते, हे देवरावांचं मत तसूभरही हललं नव्हतं. आणि टायपिंगच करायचं तर सरकारी कचेरीत का नको? देवरावांच्या मित्रानं, गणपतरावांनी, तिथे तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. खाली रस्त्यावर लूना घेऊन ते उत्तराची वाटच बघत होते. 'तुझं काम एकदा डोळ्यानं पाहतो, मग ठरवतो,' एवढी सवलत मात्र बाबांनी दिली होती. एकाहत्तरच्या लढाईत तोफ चालवलेला माणूस, म्हणून जयाने मुद्दाम रणगाड्याचा खेळ लावला. घोडं पेंड खात होतं ते नेमकं डोळ्यांपाशी. मोतीबिंदू पिकत आला होता, आणि ते कबूल करण्यापेक्षा देवरावांनी कोर्टमार्शल पत्करलं असतं.

"लागला का गोळा?"

"नाही, बाबा."

"मंग मशीनच खराब आहे." ते खुर्ची मागे सरकवू लागले. "चाल. गणपतराव उन्हात उभा आहे."

जयानं एवढ्या हौसेनं धरलेलं काम त्या खुर्चीबरोबर सरकत चाललं होतं. "बसा ना बाबा, जरासंक," ती म्हणाली आणि तिने खेळ बंद केला. रणगाडा गेला, काळ्या पडद्यावर प्रोग्रामच्या ओळी उतरू लागल्या.

"काहून बंद केलं वं?"

"तोफ खोलून राहिली."

खेळ इंग्लंडहून कॅसेटवर आला होता आणि त्याच्या तोफेला दूरबीण नव्हती. जया एकेक ओळ वाचत गेली, मध्येच आपल्या ओळी घालत गेली. झेडचं बटण दाबलं की नेमापुढचा तुकडा चौपट मोठा होऊन समोर यावा, एवढंच तिला हवं होतं. ओठ चावत, खोडत, पुन्हा लिहीत तिने ते केलं. बाबा तिची बोटं बघत बसले.

"आता झेड दाबा."

रणगाडा पडद्यावर ऐसपैस पसरला. देवराव ताठ झाले. नेम धरायला त्यांनी बाणाच्या बटणावर बोट टेकवलं मात्र, रणगाडा टुणकन पडद्याबाहेर. पुन्हा टेकवलं, पुन्हा तेच.

"चुकलं, पोरी." आवाज थेट परेडच्या मैदानावरचा होता. "दूरबिणीतून पाहतो तवा जरासं हललं तरी लय हलल्यावानी दिसते. म्हणून नेमाचं चाक हळू फिरवा लागते. तुही तोफ पळून राहिली."

जयाने कपाळावर हात मारला. चित्र चौपट केलं, पण नेमाची चाल तशीच ठेवली! वर्गातल्या कुणी असं केलं असतं, तर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. तिने आणखी एक ओळ लिहिली: झेड दाबलेलं असेल तेव्हा चाल चौथाई.

या खेपेला नेम हळूहळू सरकला. देवरावांनी श्वास रोखला आणि गोळा सोडला. पडद्यावर रणगाड्याच्या ठिकऱ्या उडाल्या. त्यांना त्या दिसल्या. जयाला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"ही दूरबीण इंग्रजानं नव्हती बसवली?"

"नाही, बाबा. मी बसवली. आत्ता, तुमच्यासमोर."

देवराव उठले. शर्ट खाली ओढून नीट केला, "येतो," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

जया खिडकीशी आली. खाली गणपतराव विचारत होते, "काय देवराव, सोमवारपासून पाठवता ना पोरीले?"

"नाही गा!" देवरावांचा आवाज अख्ख्या सदरला ऐकू गेला असेल. "माही पोरगी इंग्रजाच्या तोफेले दूरबीण बसवून राहिली. तिले कुठचा वेळ!"