स्वयंपाकघरातली जर्मन

"चावी?" लाल्ला तामूनं तव्यावरची रोटी उलटत विचारलं.

"श्लुसेल," सून इक्राम म्हणाली. "हलीमा आत्या. साखर चोरतील म्हणून कपाटाची चावी गळ्यात घालून झोपते."

"खिडकी?"

"फेन्स्टर. शेजारची जमीला."

"ती तर तिथंच टांगलेली असते मेली!"

इक्रामची ही रीतच होती. परका शब्द आला की तो ओळखीच्या माणसाला बांधून टाकायचा. माणूस डोळ्यांपुढं आला की शब्द मागोमाग येतो. लाल्ला शाळेत दोन हिवाळे गेलेली, पण रोज विचारून विचारून निम्मं पुस्तक तिच्याही डोक्यात बसलं.

लाल्लाचा मुलगा जवाद जर्मनीत होता. सून भाषेच्या परीक्षेत पास झाली की तिला तिकडचा व्हिसा मिळणार होता. नाहीतर लग्न होऊनही पोर इथं वज्दा शहरातच बसणार.

आणि पोर दोनदा नापास झाली होती.

"घरात पोपट, तिथं मुकी! होतं काय तुला?"

"आठवत नाही, लाल्ला."

लाल्लानं निखाऱ्यावर तुरटी टाकली, सुनेभोवती धूर फिरवला. तुरटी फुगून डोळ्यासारखी झाली. "बघ, जमीलाचाच!" तिनं तो डोळा चौरस्त्यावर नेऊन फेकला.

इक्राम तिसऱ्यांदा नापास झाली.

आता लाल्लाची मतीच गुंग झाली. मठ्ठ म्हणावी तर घरी एक शब्द चुकत नाही. भित्री म्हणावी तर खाटकाला भर बाजारात रडवून येते. मग पाणी मुरतंय कुठं?

"मीच बोलते जवादशी," ती म्हणाली. "रात्रपाळी करून थकतो बिचारा, त्यात ही बातमी. निदान आईच्या तोंडून कळू दे."

"राहू दे, लाल्ला. तो करेल की शुक्रवारी."

"शुक्रवारी कुसकुस खायचं असतं, रडायचं नसतं. लाव फोन."

इक्राम कणीक मळत राहिली. मग लाल्लानंच बटण दाबलं.

पलीकडं एक बाई बोलली. लाल्लानं भुवया चढवल्या, कान लावला, आणि तिचा चेहरा एकदम फुलला. फोन छातीशी धरून ती ओरडली, "इक्राम! शब्द न् शब्द कळला गं मला! झोपणं म्हणजे तुझे सासरेबुवा, तोंड उघडं टाकून, होय ना? ती म्हणते, माझा नवरा झोपलाय, नंतर फोन करा."

बोलून झालं, आणि लाल्लाचं तोंड उघडंच राहिलं.

इक्रामनं परातीतून मान वर केली नाही.

"पहिल्या परीक्षेच्या आदल्या दिवशी मलाही ती हेच म्हणाली होती, लाल्ला."