मागची सीट

उकंडरावांचा नांदेडचा लेक रोजच्या वापराला आलिशान गाडी घेणार होता. शोरूमची गाडी ट्रायलला घेऊन तो गावातच आला. "अण्णा, मागं बसून बघा," म्हणाला. उंबऱ्याशी काढाव्यात तशा त्यांनी चपला अंगणातच सोडल्या आणि मऊ सीटवर मांडी घातली. पुढं लेकाशेजारी शोरूमचा माणूस होता. कळमनुरीच्या रस्त्यावर लेकानं आरशातून विचारलं, "चढताना गुडघे दुखले का?" कळ मस्तकात गेली होती, तरी म्हणाले, "न्हाई रे." बायको गेल्यापासून त्यांच्या गुडघ्यांची चौकशी कोणी केली नव्हती. नांदेडला ट्रंक न्यावी की पिशवीत भागेल, ते ठरवू लागले. अंगणात परतल्यावर लेक शोरूमच्या माणसाला म्हणाला, "मग चालेल. सासऱ्यांना रोज दवाखान्यात न्यावं लागते. त्यांचेही गुडघे असेच आहेत." उकंडराव चपला घालत म्हणाले, "जरा दुखते रे. त्यांच्यासाठी पायरी बसवून घे."