क्वाडवरची हाक

गावच्या जुन्या दोस्ताच्या, धाकूच्या त्या पत्राला सहदेवने उत्तर दिलंच नव्हतं. तीनदा लिहायला घेतलं, तीनदा फाडलं. आपल्याला काय कळतंय, असं वाटून.

पत्र लहान होतं. 'क्वाड आणि मरांट्झ, दोन्ही ॲम्प्लिफायर आणून ठेवलेत. एकच ठेवायचाय. तू येऊन ऐक. गावच्या भजनाच्या टेपवर एकावर हाक ऐकू येते, दुसऱ्यावर नाही. कुणाच्या नावाची ते लिहीत नाही, नाहीतर तुला तीच ऐकू येईल. येते का, एवढंच कळव. घरात मला वेडा म्हणायला लागलेत.'

आता धाकूला जाऊन दोन महिने झाले होते, आणि सहदेव कांदिवलीला त्याच्या खोलीत यंत्रांकडे पाठ करून बसला होता. धाकूची तशी शिस्त होती. कुठलं यंत्र चालू आहे, ते ऐकणाऱ्याला दिसता कामा नये.

"एक उद्या विकायचाय, भावजी," धाकूची बायको शेवंती मागून म्हणाली. "कुठला, ते तुम्ही सांगा. मला दोन्ही सारखेच. या डबड्यांना माझ्यापेक्षा जास्त पुसलं त्यांनी."

तिने टेप लावली. झांजा खणखणीत, एकेक मोजून घ्यावी अशा. पखवाजाची थाप कोरडी, नेमकी.

मग कळ फिरली. झांजा जरा मागे सरल्या. आवाज ओलसर झाला, देवळातला गारवा ऐकू यावा तसा. दोन अभंगांच्या मध्ये मंडळी थांबली. तिथे कुणीतरी हाक मारली.

"सहदेवा."

आवाज धाकूचा होता.

टेप भरली त्या भजनी सप्ताहाला धाकू गावी गेलाच नव्हता. सहदेवही नाही. ती धाकूच्या चुलतभावाने भरून पाठवली होती.

"सहदेवा." पुन्हा, तितक्याच शांतपणे. मग पुढचा अभंग सुरू झाला.

"हा कुठला?" सहदेवने विचारलं.

"क्वाड. ऐकू आली हाक? 'धाकू' म्हणून? मला मेलीला कशावरच येत नाही."

जन्मभर प्रत्येक वाक्याआधी 'बहुतेक' लावणारा सहदेव म्हणाला, "आली. 'धाकू' म्हणूनच."

शेवंतीने पदर तोंडाला लावला. "म्हणजे डोकं ठिकाणावर होतं त्यांचं."

"होतं."

"दोनदाच येते म्हणायचे. गेले त्या दुपारी म्हणाले, तिसरी आली. आणि मोठ्याने ओ दिली. मी आतून ओरडले, कुणाला ओ देताय एवढी?"

हाक मारणारा दिसत नसेल तर तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही, नाहीतर तो सोबत घेऊन जातो, हे सहदेव आणि धाकू गावच्या एकाच ओटीवर शिकले होते.

"मरांट्झ विका," एवढं सांगून तो उठला.

स्टेशनजवळच्या पोस्टात त्याने एक कार्ड घेतलं. पत्त्याच्या जागी धाकूचं नाव लिहिलं, नुसतं नाव. मागे लिहिलं, 'क्वाडच ठेव. दोनदा आली. तिसरीपर्यंत थांबत नाही.' सहीच्या जागी एकच अक्षर: 'ओ.'

या वेळी फाडलं नाही. कार्ड पेटीत सोडलं आणि तो कान देऊन उभा राहिला.

पडल्याचा आवाज आला नाही.