घरी काही न्यायचं नाही

उंटाला चपला घालून झाल्या, तेव्हा तिला हसू आवरेना. चार पाय, चार चपला, त्यातली एक उलटी. मातीचा तो उंट टेबलावर असा ओशाळून उभा होता, जणू पाहुण्यांकडून निघताना दुसऱ्याच्याच चपला घालून आलाय.

“झकास,” मास्तर म्हणाले. “आता मोडा.”

तिने मूठ वळली आणि उंटाचा चेंदामेंदा केला. समोरच्या भिंतभर आरशात स्वतःचं माती लागलेलं नाक दिसलं, तशी ती पुन्हा खुदखुदली. इथे पूर्वी व्यायामशाळा होती म्हणे. वजनं गेली, आरसा राहिला.

मास्तरांचा नियम एकच. घरी काही न्यायचं नाही. जे केलं ते उठायच्या आत मोडायचं. या नियमावर तिचा जीव जडला होता. कारण घरी नेलं की नवरा बघणार, आणि नवऱ्याने बघितलं की खेळ खलास.

नवरा विमा विकायचा. न विकण्यासारखं जगात काही असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. तिने हौसेने पाण्याच्या बाटलीला लोकरीचं कव्हर विणलं, तर हा ऑर्डरी घेऊन आला. बाटल्या झाल्या, रिमोट झाले, मग कुणाच्या तरी गॅस सिलेंडरला स्वेटर. तिचं मनगट सुजून टम्म झालं तेव्हा कुठे ते थांबलं. मग तिने शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं चित्र काढलं. झालं. घरात अनोळखी कुत्री येऊन सोफ्यावर पोझ देऊ लागली. एका बाईने तर चित्र परत केलं, कुत्रा उदास दिसतो म्हणून. कुत्रा होताच उदास. बसल्या बसल्या त्याचाही विमा उतरवला गेला होता.

शेवटी आंघोळ करताना गुणगुणणं तेवढं उरलं. एका सकाळी तिने न्हाणीघराचं दार उघडलं, तर नवरा उंबऱ्यात मोबाईल धरून उभा.

“अगं, रिंगटोन म्हणून काय जाईल हे,” तो म्हणाला.

तेव्हापासून ती मुक्याने आंघोळ करायची. नणंद तिला लाडाने ‘कारखाना’ म्हणायची.

मास्तर तिला भेटले ते दातांच्या दवाखान्यात. ती तिथे रिसेप्शनला बसायची आणि फोन घेता घेता जुन्या पावत्यांच्या मागे चिमण्या काढायची. मास्तर दाढ दाखवायला आले होते. दाढ राहिली बाजूला, चिमण्याच बघत बसले.

“मातीत हात घालाल का?” त्यांनी विचारलं.

“फी किती?”

“राहू द्या हो. मातीची माती करायची, तिची काय फी घ्यायची?”

“आणि बाकीचे विद्यार्थी?”

“ते वेगळ्या वेळेला येतात.”

घरी तिने पाठीसाठी फिजिओथेरपी लावल्याचं सांगितलं. नवऱ्याने एका शब्दाने चौकशी केली नाही. उलट गुरुवार आला की तोच आठवण करायचा. “निघ गं, पाठ महत्त्वाची. आणि केस वर बांध, चेहरा कसा मोकळा दिसतो.” माणूस सुधारला, असं तिला वाटलं. आपण त्याला फसवतोय याचं थोडं वाईटही वाटलं.

उंट मोडला त्याच्या पुढच्या गुरुवारी इमारतीखाली तिला त्याची स्कूटर दिसली. मागे पिवळा स्टिकर, ‘उद्याचं कुणी पाहिलंय?’ तिने नंबरही वाचून पाहिला. त्याचाच.

त्या दिवशी हाताला काही वळणच येईना. बेडूक करायला घेतला, त्याचा बटाटा झाला.

“आज हसू नाही ते?” मास्तरांनी विचारलं.

“मास्तर, आमचे हे आलेत.”

मास्तरांच्या हातातलं ओलं फडकं खाली पडलं. “कुठे पाहिलंत त्यांना?”

“त्यांना नाही, स्कूटर पाहिली. माझा माग काढलाय त्यांनी.”

“हात्तिच्या. असेल दुसऱ्या कुणाची तरी,” मास्तर घाईघाईने म्हणाले. “तुम्ही बसा. बेडूक मोडा बघू, बरं वाटेल.”

“नाही मास्तर. एकदा त्यांचा पाय इथे लागला ना, की तुमच्या या मातीलाही किंमत चिकटेल. बाटल्या दिल्या, कुत्री दिली, गळासुद्धा दिला. हे नाही द्यायचं मला. तोंडावर सांगून येते.”

“अहो बाई, थांबा, हात तरी धुवा…”

ती निघालीसुद्धा. बोळात कुणी नव्हतं. जिना रिकामा होता. काय बोलायचं ते ती ओठांतल्या ओठांत घोकत होती. हे माझं आहे. हे विकायला नाही. एवढंच म्हणायचं आणि वळायचं, रडायचं नाही.

मास्तरांच्या खोलीशेजारच्या दाराआडून ओळखीचं खाकरणं ऐकू आलं. कुणाला पॉलिसी समजावून सांगायची असली की तो असाच खाकरायचा. सापडला. तिने मातीच्या हाताने दार ढकललं.

आत काळोख होता. डोळे सरावले तशा खुर्च्यांच्या रांगा दिसल्या, आणि त्यांवर माणसांची डोकी. सगळी एकाच दिशेला वळलेली. तिकडे भिंतभर काचेपलीकडे लख्ख उजेडात तिचं टेबल होतं, तिचा बटाट्यासारखा बेडूक होता, आणि मास्तर कपाळाचा घाम पुसत उभे होते.

“खरंच फुकट करतात हो त्या?” पुढच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं.

“फुकट. आणि वर मोडूनही टाकतात,” दुसरा आवाज म्हणाला. “कुठे बघायला मिळतं आता असं?”

इतक्यात एका टॉर्चचा उजेड तिच्या पायांपाशी येऊन थांबला.

“उभ्या राहू नका, मागच्यांना दिसत नाही,” नवरा हलक्या आवाजात म्हणाला. “बाई जरा बाहेर गेल्यात. येतील, जातात कुठे. तिकीट दाखवा.”