दर सोमवारी अठरा अंश

"ओढ्यावरची मोजणी कुणावर सोपवू नकोस, लोक घरबसल्या आकडे भरतात," प्रयोगशाळेतले काका म्हणाले होते. बाळंतपणाच्या रजेवर निघालेल्या संशोधिकेने हसून सोडून दिलं. काम जिवाभावाच्या मैत्रिणीकडेच जाणार होतं. रजा संपवून ती ओढ्यावर आली, मैत्रिणीने भरलेली वही उघडली. दर सोमवारी पाणी अठरा अंश, दगडांखाली चाळीस अळ्या. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघायच्या सवयीने कोपर बुडवलं. कोमट! दगडामागून दगड उलटले. थंड पाण्यातच तग धरणारी अळी एकही उरली नव्हती. पाणी तापताना अळ्या कधी संपतात, हे शोधण्यात तीन वर्षं गेली होती. नेमकी तीच वेळ हुकली. तिने फोन लावला. "एकदाही गेली नाहीस?" "पाच महिने दाराबाहेर पाऊलच टाकवलं नाही गं." "केसाने गळा कापलास!" फोन आपटला. राग तिला अजून मैत्रिणीकडे जाऊ देत नाही. पण पाच महिने दाराआड असलेल्या तिच्याकडे तुम्ही कुणीतरी डोकावून याल?