गूळपोळीचा पडताळा

मुलांच्या शिक्षणासाठी बापाने त्याग केलाच पाहिजे. मुक्ता पाचवीत अपूर्णांकांपाशी अडली, तेव्हा मी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि गूळपोळ्यांचा डबा पुढे ओढला. मधुमेहामुळे डॉक्टरांनी मला दिवसाला पाव पोळीचीच परवानगी दिली होती. गणित शिकवताना किती खायची, हे मात्र ते बोलले नव्हते.

“पोळीचे आठ सारखे तुकडे केले. बाबांनी तीन खाल्ले. उरली किती?”

“पाच अष्टमांश.”

“शाब्बास! आता पडताळा घेऊ.” मी तीन तुकडे खाल्ले. उत्तर बरोबर निघालं.

तीन दिवस आम्ही असा मन लावून अभ्यास केला. बायको स्वयंपाकघरातून कौतुकाने ऐकत होती. चौथ्या दिवशी मुक्ता म्हणाली, “आज उदाहरण मी घालते. एका बाबांना रोज पाव पोळी खायची परवानगी आहे. सोमवारी त्यांनी तीन अष्टमांश खाल्ली, मंगळवारी अर्धी, बुधवारी पाऊण. तर एकूण किती जास्त खाल्ली?”

“अगं, आधी छेद समान करून घे,” मी वेळ काढत म्हणालो.

“केलाय. सात अष्टमांश जास्त.”

खरं सांगतो, ऊर भरून आला. तेवढ्यात बायको बाहेर आली आणि तिने डब्याला झाकण लावलं. “पोरगी तयार झाली हो तुमची. आता शिकवणी बंद.”

चाचणीत मुक्ताला पंचवीसपैकी पंचवीस मिळाले. माझी साखर दोनशे चाळीस निघाली.