वल्लरीची परीक्षा

शैलजाने कुंकू लावलं आणि आरशात न बघताच हाक मारली, "झाली का गं वात?"

"झाली. पन तेल पिऊन झोपलीय ती," बिलकिस स्वयंपाकघरातून म्हणाली. "माझ्या हातून विझली तर माझ्या नावानं बोंबलू नको हां, शैलाबाय."

"जरा पुढे ओढ. पेटेल."

बिलकिस समोरच्या फ्लॅटमधली, रत्नागिरीची. आखातातल्या या शहरात, बिन महमूद भागातल्या या इमारतीत दोघींच्या दारांमध्ये फक्त जिना होता. सुतकात देवाला हात लावायचा नाही, म्हणून शैलजा उंबऱ्याबाहेर उभी राहून सांगायची आणि बिलकिस डोक्यावरचा पदर सावरत दिवा लावायची. सकाळच्या फोनवर वल्लरीला मागे तेवता दिवा दिसायलाच हवा होता. आईचा नेम चुकलेला तिने जन्मात पाहिला नव्हता. चुकला असता तर तिने विचारलं असतं, आणि शैलजाला धड खोटं बोलता येत नव्हतं.

तिचे यजमान मधुसूदन तेलविहिरीच्या साईटवर खुर्चीत बसल्या बसल्या गेले. याच शहरात अल दुहैलला राहणारा धाकटा दीर मिहीर सगळी कागदपत्रं करून शवपेटी नाशिकला घेऊन गेला. शैलजा गेली नाही.

"वहिनी, शेवटचं तोंड तरी..." मिहीर विमानतळावर म्हणाला होता.

"तिथे गेले तर फोनमध्ये मागे रडणारी माणसं दिसतील, भाऊजी. पोरीची तोंडी परीक्षा तोंडावर आलीय. ती बुडाली की स्कॉलरशिप खलास. कोरियात पाठवायला यांनी काय काय केलंय, तुम्हाला ठाऊक आहे. परीक्षा होईपर्यंत तिला कळता कामा नये. शब्द द्या."

मिहीर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. उठला तेव्हा त्याची वेळ झाली होती.

फोन वाजला. शैलजाने मंगळसूत्र सारखं केलं.

"आई, जेवलीस?"

"अगं, आत्ता सकाळ आहे इथे. तू जेवलीस का? तुझी दुपार ना?"

"हो. कॅन्टीनमध्ये. भात आणि सूप."

"माशाचं नाही ना?"

"नाही गं. वाढणाऱ्या मावशींना आता माहीत झालंय. मला बघितलं की त्या आधीच हात हलवतात, हे नको, ते घे."

वल्लरीने फोन अगदी तोंडाजवळ धरला होता. डोळे सुजलेले. अभ्यासाने, शैलजाने मनाशी म्हटलं.

"स्वेटर कुठाय? बर्फ पडतोय म्हणालीस ना?"

"आत लागत नाही. इथे जमिनीखालून ऊब येते, सांगितलं होतं ना तुला? सगळे नुसत्या मोज्यांवर फिरतात."

"सरांपुढे नीट वाकून नमस्कार कर हो. तुमच्याकडे तसं असतं ना."

"आपल्याकडेही असतं, आई." ती जराशी हसली. "आणि दिवा नको दाखवूस रोज. नुसती तू दिस."

"बाबा अजून रिगवरच आहेत. रेंज नाही तिकडे," शैलजा न विचारताच बोलून गेली.

"हो. असू दे." तिने फोन आणखी जवळ ओढला. "उद्या फोन नाही करणार. परीक्षा. फोन बाहेरच ठेवून घेतात."

"यशस्वी हो, बाळा."

फोन ठेवल्यावर शैलजाने ओल्या फडक्याने कपाळ पुसलं. बिलकिस दुसरीकडे बघत उभी राहिली.

"उद्या झाली की सांगून टाक गो बाय," ती म्हणाली. "किती दिवस लावनार नि पुसनार?"

"उद्या संध्याकाळी. उद्याच यांचा दहावा पण आहे. देवाने दोन्ही एकाच दिवशी आणलं."

दुसऱ्या दिवशी ती मनातल्या मनात जप करत बसली. ओठ हलत होते, मन कोरियात होतं. आता ती आत गेली असेल. आता प्रश्न विचारत असतील. बिलकिसने काळा चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

तेवढ्यात मिहीरचा व्हिडिओ कॉल आला. मागे गोदावरीचा घाट, पाण्याचा आवाज, माणसांची कुजबुज.

"वहिनी, कावळा शिवत नाहीये."

"काय?"

"पिंड ठेवून खूप वेळ झाला. झाडावर रांगेने बसलेत, एकही खाली उतरत नाही. तुम्हाला सांभाळू म्हणून मी सांगितलं. घराचं सांगितलं. काकांनी पाया पडून सांगितलं. गुरुजी म्हणतात, जीव कशाततरी अडकलाय."

शैलजाचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला.

"कशात ते मला माहीत आहे, भाऊजी. फोन पिंडाकडे करा. मी सांगते."

"इथूनच बोला, वहिनी. ऐकू जाईल."

"बरं." तिने हात जोडले. तिचा आवाज एरवी शेजारच्या खोलीतही जायचा नाही. आज तो घाटावर पोचेल एवढा चढला. "अहो, वल्लरी परीक्षेला बसलीय. आत्ता, या घडीला. मी तिला काही कळू दिलेलं नाही. तुमची इच्छा पुरी झाली. आता मागे बघू नका."

पलीकडची कुजबुज थांबली. पंख हलल्याचा आवाज नाही. कावळे होते तिथेच होते.

"दुसरं काही आठवतं का, वहिनी?" मिहीरचा आवाज फाटला होता.

"दुसरं काही नव्हतंच हो त्यांच्या मनात. बोलताना मी दिसत नाही म्हणून असेल. मला समोर न्या. अग्नी बघितला नाही मी त्यांचा, एवढं तरी बघू दे."

पडद्यावर मिहीरचे ओले डोळे दिसले, मग आभाळ, मग घाटाच्या पायऱ्या.

पिंडासमोर ओल्या कपड्यांत, बोटात दर्भाचं पवित्रक घालून, झाडाकडे हात जोडून वल्लरी बसली होती.